वैशाखातील हिमवृष्टी आणि थांबवण्याचा अधिकार

वैशाख म्हटला की आपल्याला वणवा आठवतो. ‘वैशाख वणवा’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे की या महिन्यात देशात कोठे कमरेइतके बर्फ पडू शकते ही कल्पना आपल्या मनाला सहजी शिवत नाही. गढवालमधील चमोली, रुद्रप्रयाग आणि उत्तरकाशी या जिल्ह्यांतील प्रशासनाला मात्र हा महिना वेगळ्याच कारणाने धास्तीचा वाटतो. हिवाळा संपल्याचे पंचांगाने जाहीर केलेले असते, रस्ते उघडलेले असतात, यात्रेकरू, मजूर, मेंढपाळ आणि गिर्यारोहक वर निघालेले असतात, आणि अशा वेळी एखाद्या दुपारी आभाळ भरून येऊन दोन-तीन दिवस बर्फ पडत राहते.

भर हिवाळ्यातील हिमवृष्टीपेक्षा हे अवेळी बर्फ अधिक माणसे मारू शकते, आणि त्याचे कारण साधे आहे. जानेवारीत वर कोणी नसते. एप्रिल-मे महिन्यांत हजारो लोक असतात. म्हणून वसंतातील हिमवादळाची पूर्वतयारी हा मुख्यतः माणसांना वेळेवर थांबवण्याचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे. धान्य, सरपण, घोंगड्या, औषधे ही सर्व तयारी आवश्यकच. परंतु ‘येथून पुढे आज कोणी जाणार नाही’ हे वाक्य कोणी, कोठे आणि कोणत्या क्षणी उच्चारायचे हे आधी ठरलेले नसेल, तर बाकीची तयारी केवळ मृतांची संख्या थोडी कमी करते. गेल्या दोनशे वर्षांचा गढवालचा प्रशासकीय इतिहास या दृष्टीने वाचला तर बरेच काही हाती लागते. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

आभाळ आणि पंचांग

हिमालयातील हिवाळी बर्फ ज्या वातावरणीय प्रणालींमुळे पडते त्यांना हवामानशास्त्रात ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत त्या आपल्या वायव्य सीमेवर येतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य काळ असतो. एप्रिलनंतर त्या विरळ होतात, पण थांबत नाहीत. मे महिन्यात, क्वचित जूनच्या आरंभीही, एखादा जोरदार विक्षोभ येतो आणि खाली पाऊस व वर बर्फ घेऊन येतो. हे बर्फ ओले आणि जड असते. ते जुन्या, घट्ट झालेल्या थरावर पडते, त्या थराशी त्याची पकड कच्ची असते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले की उतारावरून ते सुटू लागते. वाटेवरच्या माणसाची अवस्था आणखी बिकट होते. तो आधी पावसाने भिजतो, मग वर चढतो, मग वारा सुटतो. कोरड्या थंडीत टिकणारा माणूस ओल्या कपड्यांत काही तासांत गारठून मरतो.

याला जोड मिळते ती पंचांगाची. बदरीनाथाची दारे (तिकडच्या भाषेत ‘कपाट’) कोणत्या दिवशी उघडायची हे वसंतपंचमीला नरेंद्रनगर येथील टिहरी राजघराण्याच्या राजवाड्यात ठरते. केदारनाथाचा मुहूर्त महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतो. गंगोत्री आणि यमुनोत्री यांच्यासाठी अक्षय्य तृतीया ठरलेली आहे. म्हणजे तारीख निश्चित होते ती ऐन हिवाळ्यात, जेव्हा त्या दिवशीचे हवामान सांगणे कोणालाही शक्य नसते. शिवाय चांद्र पंचांगामुळे ही तारीख इंग्रजी महिन्यांच्या हिशेबात तीन-साडेतीन आठवडे पुढेमागे होते. २०१८ मध्ये अक्षय्य तृतीया १८ एप्रिलला होती, २०२१ मध्ये १४ मेला, २०२३ मध्ये २२ एप्रिलला आणि २०२४ मध्ये १० मेला. साडेतीन हजार मीटर उंचीवर एप्रिलचा तिसरा आठवडा आणि मेचा दुसरा आठवडा हे जवळजवळ दोन वेगळे ऋतू असतात. २०२३ मध्ये २५ एप्रिलला केदारनाथाची दारे उघडली तेव्हा तेथे बर्फ होते, आणि सततच्या हिमवृष्टीमुळे यात्रेची नवीन नोंदणी काही काळ थांबवावी लागली.

मुहूर्त बदलणे हे प्रशासनाचे काम नव्हे, आणि तसे करण्याची गरजही नाही. मात्र मुहूर्त लवकर आलेल्या वर्षी तयारीचे वेळापत्रकही त्या प्रमाणात अलीकडे आणले पाहिजे, ही साधी गोष्ट आहे. कार्यालयीन चाकोरीत मात्र मागील वर्षीच्या तारखांवरून या वर्षीची बैठक लागते. ‘गतवर्षीप्रमाणे’ हा शब्द मैदानी जिल्ह्यात निरुपद्रवी असतो. पहाडी जिल्ह्यात तो धोकादायक ठरतो.

जुनी व्यवस्था: टप्पा आणि आडोसा

मोटारीचा रस्ता नव्हता तेव्हा या प्रश्नाचे उत्तर चालण्याच्या गतीतच दडलेले होते. नीती आणि माणा या सीमेवरील खोऱ्यांतील लोकांची दोन-दोन गावे असत, एक उन्हाळ्याचे आणि एक हिवाळ्याचे. वसंतात ते टप्प्याटप्प्याने वर सरकत. जनावरे, म्हातारीकोतारी, मुले आणि धान्य एकाच दिवशी वर नेण्याची घाई कोणी करीत नसे. आजही अनेक कुटुंबे ही ये-जा करतात.

यात्रेकरूंसाठी ‘चट्टी’ होती. हरिद्वारहून बदरी-केदारला जाणाऱ्या पायवाटेवर काही मैलांच्या अंतराने दगड, लाकूड आणि गवताच्या शेकारणीच्या या ओसऱ्या असत. चट्टीवाला पीठ, तांदूळ, डाळ, तूप विकत असे. त्याच्याकडून शिधा घेतला की रात्रीचा निवारा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट मिळत. ही व्यवस्था सरकारने आखलेली नव्हती, व्यापारातून उभी राहिली होती. परंतु वादळाच्या दृष्टीने ती फार शहाणपणाची होती. चालणारा माणूस कधीही आडोशापासून फार दूर नसे. आणि वरच्या चट्टीवरून परतणारा वाटसरू खालच्या चट्टीवर वार्ता सांगत असे. हवामानाची ती एक तोंडी सूचनायंत्रणाच होती.

सरकारचा हात या वाटेला लागला तो कुमाऊँचे कमिशनर जॉर्ज विल्यम ट्रेल यांच्या काळात. बदरी-केदारच्या यात्रेकरूंना अन्नदान करण्यासाठी काही गावांचा महसूल पूर्वीपासून नेमून दिलेला होता, त्याला ‘सदावर्त’ म्हणत. त्या उत्पन्नातील शिलकीतून ट्रेल यांनी १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात यात्रामार्गाची बांधणी हाती घेतली. पुढे याच निधीतून मार्गावरील दवाखाने आणि धर्मशाळा चालू लागल्या. आपल्याकडून त्या वाटेवर गेलेला हात अहिल्याबाई होळकरांचा. अठराव्या शतकातच त्यांनी बदरी-केदारच्या मार्गावर धर्मशाळा बांधल्या. माळव्यातून राज्य चालवणाऱ्या एका मराठी राणीने आपल्या राज्याबाहेर, शेकडो कोसांवर, यात्रेकरूच्या डोक्यावर छप्पर असावे यासाठी खर्च केला, याचा केवळ धार्मिक अर्थ लावणे मला अपुरे वाटते. त्या उंचीवर छप्पर हे पुण्यकर्माइतकेच जीवरक्षणाचे साधन असते.

बर्फाची नोंद कोणासाठी?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारला हिमालयातील बर्फात एकाएकी रस निर्माण झाला. पण तो पहाडातील माणसासाठी नव्हे. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी दक्षिणेत तो भीषण दुष्काळ सुरू झाला, ज्याच्या आठवणी सोलापूर, अहमदनगर, विजापूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. १८७६ ते १८७८ च्या त्या अनुभवानंतर पावसाचे भाकीत आधी करता येईल का हा प्रश्न राज्यकारभाराचा झाला. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असा सिद्धान्त मांडला की हिमालयात हिवाळ्यात आणि विशेषतः वसंतात उशिरापर्यंत जास्त बर्फ पडले तर पुढील मोसमी पाऊस कमकुवत होण्याकडे कल असतो. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी देशातील पहिले औपचारिक मोसमी भाकीत प्रसिद्ध झाले.

म्हणजे वसंतातील हिमवृष्टी सरकारी कागदावर आली ती दख्खनच्या ज्वारी-बाजरीची काळजी म्हणून. त्यात गैर काहीच नव्हते. परंतु ज्या डोंगरावर ते बर्फ पडत होते तेथील माणसाला त्या नोंदीचा उपयोग व्हावा ही कल्पना शासनयंत्रणेत रुजायला आणखी बराच काळ जावा लागला. वर काय घडते याची माहिती खालच्यांसाठी गोळा होते आणि वरच्यांपर्यंत परत पोचत नाही, हा दोष आपल्या प्रशासनात अजून पुरता गेलेला नाही.

गोहनाचा धडा, १८९४

याच चमोली भागात एकोणिसाव्या शतकात एक प्रसंग असा घडला की आपत्तीपूर्व तयारीच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान द्यावे लागेल. तो बर्फाचा नाही, पाण्याचा आहे. पण आपल्या विषयाचे मर्म त्यात आहे.

सप्टेंबर १८९३ मध्ये गोहना गावाजवळ डोंगराचा मोठा कडा कोसळून बिरही गंगेचा प्रवाह अडला. सुमारे नऊशे फूट उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला आणि त्यामागे सरोवर भरू लागले. बांध फोडण्यात अर्थ नाही, तो भरून वाहू लागला की फुटणार, आणि हे पुढील ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास घडेल, असा निष्कर्ष अभियंता पुलफर्ड यांनी काढला. त्यानंतरच्या महिन्यांत जे केले गेले ते असे: सरोवरापाशी एका अधिकाऱ्याची कायम नेमणूक झाली. गोहनापासून हरिद्वारपर्यंत तारायंत्राची लाइन टाकली गेली. खोऱ्यात ठिकठिकाणी खांब उभारून पुराची संभाव्य पातळी दाखवली गेली, त्याच्या वर राहिलात तर सुरक्षित अशा अर्थाने. झुलते पूल सोडवून ठेवले. यात्रेकरूंची वाट नदीकाठावरून हलवली. काठावरच्या वस्त्या वेळेवर रिकाम्या केल्या.

२५ ऑगस्ट १८९४ च्या मध्यरात्री बांध फुटला. श्रीनगर हे गढवालचे जुने राजधानीचे शहर त्या लोंढ्यात वाहून गेले. मनुष्यहानी मात्र केवळ एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांची झाली. त्यांना तेथून हलवण्यात आले होते, आणि ते परत गेले होते.

या यशाचे श्रेय बहुधा तारायंत्राला दिले जाते. ते त्याला आहेच; परंतु तार पोचल्यावर काय करायचे हे प्रत्येक चट्टीवर आधी ठरलेले होते, ही त्याहून मोलाची गोष्ट. खांब महिनोन्‌महिने लोकांच्या डोळ्यांसमोर उभे होते. वाट आधीच बदललेली होती. निर्णय संकटाच्या रात्री घ्यावा लागला नाही. तो आधी घेऊन ठेवला होता, त्या रात्री फक्त अमलात आणायचा होता.

गोहनाला अकरा महिने मिळाले. हिमवादळ आपल्याला एक-दोन दिवस देते. ज्याला वेळ कमी मिळतो त्याने निर्णय आणखी आधी घेऊन ठेवले पाहिजेत. प्रत्यक्षात आपण याच्या नेमके उलट करतो.

रस्ता आला, टप्पे गेले

७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि १९६२ च्या युद्धानंतर या खोऱ्यांत मोटाररस्त्यांचे काम वेगाने सुरू झाले. रस्त्यांची गरज निर्विवाद होती. त्यांनी दवाखाना, शाळा, बाजार हे सारे जवळ आणले. पण चट्ट्या ओस पडल्या. आठवडाभर चालून हळूहळू उंचीला सरावणारा यात्रेकरू आता एका दिवसात मैदानातून पहाडात पोचतो, आणि हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर उतरतो. वाटेतील टप्पे गेले तसे, ‘आज पुढे जाऊ नका’ असे सांगणारी माणसेही गेली.

दुसरा बदल मजुरांचा. सीमेवरील रस्ते वर्षभर खुले ठेवायचे तर बर्फ हटवणारे हात तेथेच मुक्कामाला हवेत. हे हात बहुतांशी झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश येथून येतात. ज्या हंगामात तेथील मूळचे गावकरी खालच्या गावी असतात, त्याच हंगामात हे परप्रांतीय मजूर वरच्या छावणीत असतात. बर्फाचा स्वभाव जाणणारा खाली आणि न जाणणारा वर, अशी ही उफराटी रचना आहे.

शासनाला बर्फाचे वेळापत्रक कळत नाही असे मात्र नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान देशात बहुतेक ठिकाणी १९५२ च्या आरंभी झाले. हिमाचलातील चिनी या, म्हणजे आजच्या किन्नौरच्या, भागात ते बर्फ पडण्यापूर्वी, ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकून घेतले गेले. २०११ च्या जनगणनेची संदर्भ तारीख देशभर १ मार्च होती. जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडातील हिमाच्छादित भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०१० ठेवली होती. येत्या जनगणनेसाठीही देशभर १ मार्च २०२७ आणि अशा भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ अशाच दोन तारखा जाहीर झाल्या आहेत. म्हणजे मत नोंदवायचे असो वा माणसे मोजायची असोत, बर्फाप्रमाणे आपले वेळापत्रक वाकवायला शासन तयार असते. छावणी केव्हा उभारायची आणि केव्हा रिकामी करायची, हे ठरवतानाही तीच लवचीकता अपेक्षिणे गैर ठरू नये.

तीन अनुभव

मार्च १९७९ मध्ये लाहौल-स्पिती जिल्ह्यात झालेल्या हिमस्खलनांत दोनशेहून अधिक माणसे मेली. ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी हिमवृष्टी झाली तेव्हा एक लाखाहून अधिक यात्रेकरू मार्गावर होते; सुमारे २४० जण दगावले. त्यानंतर नितीश सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि यात्रेकरूंची संख्या मर्यादित ठेवणे, नोंदणी, प्रकृतीची तपासणी या गोष्टी तेथे रूढ झाल्या. या दोन घटना गढवालबाहेरच्या. गढवालचे अलीकडचे तीन अनुभव असे.

२३ एप्रिल २०२१ रोजी नीती खोऱ्यात सुमनाजवळ सीमा सडक संघटनेच्या मजूर-छावणीवर हिमस्खलन झाले. त्याआधी काही दिवस तेथे सतत पाऊस आणि बर्फ पडत होते. खालून येणारा रस्ताही दरडींनी जागोजागी अडला होता. लष्कराने ३८४ जणांना वाचवले, ही फार मोठी कामगिरी होती. किमान पंधरा मजूर मात्र मृत्युमुखी पडले.

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तरकाशीतील सहस्रताल या सुमारे ४,४०० मीटर उंचीवरील सरोवराच्या वाटेवर बावीस जणांचा एक गट हिमवादळात सापडला. त्यात बहुतेक जण कर्नाटकातील होते. नऊ जण थंडीने मेले, तेरा जणांना वाचवण्यात आले. मैदानात तेव्हा मोसमी पावसाची वाट पाहणे चालले होते.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे बदरीनाथजवळच्या माणा येथे पुन्हा सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ कामगार त्यात सापडले, ४६ वाचले, ८ मेले. लोखंडी कंटेनरच्या निवाऱ्यांमुळे अनेकांचे प्राण वाचले. या घटनेतील दोन तपशील प्रशासकाने विशेष लक्षात घ्यावेत असे आहेत. पहिला, चमोलीसह उंचावरील जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचा इशारा संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगड येथील केंद्राने आदल्याच संध्याकाळी दिला होता. दुसरा, छावणीत नेमके किती जण होते हा आकडा पहिल्या दिवसांत बदलत राहिला. गाडले गेले असे समजलेला एक कामगार प्रत्यक्षात आपल्या घरी पोचलेला होता.

म्हणजे १८९४ मध्ये जी तार टाकावी लागली ती आज आपल्याकडे आहे. मनाली येथे १९६९ मध्ये हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली, २०२० मध्ये ती नव्या रचनेत विलीन झाली, आणि पाच श्रेणींचे इशारे नियमित निघतात. अधिकारही आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३४ अन्वये जिल्हा प्राधिकरण धोक्याच्या क्षेत्रातील वाहतूक आणि माणसांचा प्रवेश रोखू शकते. मार्गदर्शक तत्त्वेही आहेत; राष्ट्रीय प्राधिकरणाने दरडी आणि हिमस्खलने यांच्याविषयीची तत्त्वे २००९ मध्येच प्रसिद्ध केली. संध्याकाळच्या इशाऱ्यापासून पहाटेच्या हिमस्खलनापर्यंतचे बारा तास मात्र मोकळेच राहिले.

त्या बारा तासांत काय असावे

माझ्या मते मार्चअखेर प्रत्येक उंच खोऱ्यासाठी एक-दोन पानांचा आदेश निघालेला असावा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात.

पहिली, कोणत्या श्रेणीच्या इशाऱ्यानंतर हालचाल थांबेल. हे आधी लिहिलेले असले की त्या संध्याकाळी चर्चेला जागा उरत नाही.

दुसरी, कोठे थांबेल. थांबवण्याची जागा अशी हवी की तेथे छप्पर, शिधा, सरपण आणि दूरध्वनी आहे. उघड्या रस्त्यावर अडवलेला यात्रेकरू पुढे जाण्याचाच हट्ट धरणार. याचे चांगले उदाहरण लाहौलमध्ये आहे. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू होण्यापूर्वी लोक बर्फातून पायी खिंड ओलांडत, तेव्हा दोन बाजूंना मढी आणि कोकसर येथे बचाव-चौक्या असत. खर्च थोडा, माणसे मोजकी, पण खिंडीत शिरण्यापूर्वी आडोसा असलेल्या ठिकाणी कोणीतरी विचारणारे होते. जुन्या चट्टीचेच ते सरकारी रूप.

तिसरी, कोण थांबवील. पदनाम पुरेसे नाही. त्या आठवड्यात प्रत्यक्ष कामावर असलेल्या माणसाचे नाव हवे, आणि तो नसल्यास दुसरे नाव. जिल्हाधिकारी मुख्यालयात असतो. अडवणारा हात पटवाऱ्याचा, पोलीस हवालदाराचा किंवा छावणीवरील कनिष्ठ अभियंत्याचा असतो. त्याने अडवले तर वरून त्याच्या मागे उभे राहण्याची हमी लेखी असावी. छावणीतील माणसांची रोजची मोजणीही याच माणसाकडे असावी. किती जण वर आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याला किती जण खाली आणायचे हेही ठाऊक नसते.

चौथी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाणारी, ती म्हणजे थांबण्याचा खर्च कोण सोसणार. रोजंदारीवरचा मजूर काम बंद राहिल्यावर पगार गमावत असेल, तर तो आणि त्याचा मुकादम दोघेही इशाऱ्याकडे काणाडोळा करतील. यात्रेकरूची परतीची रेल्वे चुकत असेल तर तोही करील. थांबलेल्या दिवसाची मजुरी कंत्राटात धरलेली असणे हे पहाडात सुरक्षेचे साधन आहे. त्याचा हिशेब कल्याण निधीत न मांडता दोरखंड आणि फावड्यांबरोबर मांडला पाहिजे.

या चौघांच्या आड येते ती आपल्या व्यवस्थेतील एक जुनी अडचण. एखाद्या अधिकाऱ्याने यात्रा थांबवली आणि वादळ आले नाही, तर त्याच्याविरुद्ध तक्रारी होतात. हॉटेलवाले, खेचरवाले, वाहतूकदार, वर्तमानपत्रे आणि लोकप्रतिनिधी सगळे जाब विचारतात. त्याने थांबवली नाही आणि वादळ आले नाही, तर कोणाच्या काही लक्षातही येत नाही. दहांपैकी आठ वेळा दुसरा पर्याय सोयीचा ठरतो. उरलेल्या दोन वेळांत माणसे मरतात. म्हणून फुकट गेलेला बंदोबस्त हा दोष मानू नये, असे धोरण वरिष्ठ पातळीवर स्पष्टपणे स्वीकारले गेले पाहिजे. गोहनाचा बांध १८९४ मध्ये फुटला नसता, तर ती तार, ते खांब आणि ते सोडवलेले पूल यांवरचा खर्च वाया गेला असे म्हणणारे निघालेच असते. तरीही तो खर्च योग्यच ठरला असता.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची घरे मे महिन्यात चारधामला निघालेल्या नातलगांचा थांबा असतात. दिल्लीत किंवा डेहराडूनला उतरलेल्या काका-मावशींचे परतीचे आरक्षण बहुधा दिवसाला दिवस लावून केलेले असते. त्यात दोन दिवस मोकळे ठेवायला आपण सांगू शकतो. एखाद्या चौकीवर कोणी हवालदार ‘आज पुढे सोडता येणार नाही’ असे म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये, हेही सांगू शकतो. त्याच्या हातात कदाचित फार मोठा हुकूम नसेल. पण त्या वाटेवर थांबवणारा माणूस पुन्हा उभा राहावा यासाठी यात्रेकरूचा असा प्रतिसादही आवश्यक आहे.

प्रशासनाच्या बाजूने करायचे काम याहून मोठे आहे, पण अवघड नाही. कायदा आहे, इशारा आहे, निवाऱ्याची साधने आहेत. उंच खोऱ्यांतील प्रत्येक जिल्ह्याने मुहूर्त जाहीर होताच, म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमारासच, थांबवण्याचे हे आदेश तयार करून संबंधितांच्या हाती द्यावेत, आणि छावण्यांवरील मजुरांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावेत. बर्फ केव्हा पडेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसेल. पडू लागले की कोणी काय करायचे, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.